एका अंगाला दोन शिंपी

...आणि वर 'का' म्हणून विचारायचं नाही! म्हणजे बघा, नियम तुम्ही करणार, पाळायचा मी, आणि का ते विचारलं की लगेच 'आली वकीलबाई!' तुम्हाला सांगते, आमच्या घरात पंख्याच्या वेगावरून भांडण होतं, दार कुणी उघडं ठेवलं त्यावरून होतं, पण या एका नियमाबद्दल ब्र काढायचा नाही. नियम काय? तर एकाच्या हातचं दुसऱ्याला दाखवायचं नाही!

आता तुम्ही म्हणाल, एकाच्या हातचं म्हणजे काय? तर आमचं घर शिवणकामवाल्यांचं. खाली दुकान आणि त्यामागे स्वयंपाकघर, वर घर, मधे लाकडी जिना. मोठे काका कोट बेततात, बाबा इस्त्री आणि काजं-बटणं बघतात, आत्या शाळांचे गणवेश आणि बायकांचे कपडे शिवते, आई गिऱ्हाइकांशी गोड बोलते, कारण बाकी तिघांना ते जमत नाही. मी एकटीच कॉलेजात गेले, पदवी घेतली आणि घरात नालायक ठरले, कारण मला अजून सुईत दोरा ओवताना जीभ बाहेर काढावी लागते.

तर दुकानात एखादा माणूस दुसऱ्याने बेतलेला कोट घेऊन आला ना, 'जरा खांद्यात बसत नाही, बघता का' म्हणत, तर काका तो कोट दोन बोटांत धरतात, मेलेला उंदीर धरावा तसा! 'कोणी बेतला?' 'ते... पुलापलीकडचे...' 'मग त्यांनाच दाखवा.' 'अहो पण ते...' 'एकाच्या हातचं दुसऱ्याला दाखवायचं नाही!' माणूस चालता होतो. काकांचं म्हणणं असं, की दुसऱ्याची शिवण उसवली की त्याचं पापही आपल्या माथी येतं, आणि त्याचा अपमान होतो तो वेगळाच. कपड्यांपुरतं कबूल हो! असेल बाबा तुमच्या धंद्याची रीत. पण आमच्याकडे तीच रीत नळ दुरुस्त करणाऱ्याला, तीच केस कापणाऱ्याला. शाळेत असताना मला गणिताच्या एका बाईंकडे समजेना, म्हणून मी दुसऱ्या बाईंना वही दाखवली, तर काका माझ्याकडे असे बघायला लागले जसं काही मी घर गहाण टाकलं!

आणि मग आत्याला दोन डॉक्टर झाले.

आत्या म्हणजे बाबांची आणि काकांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, दुकान केलं. तोंडात कायम चार टाचण्या. बोलली तरी टाचण्यांतून बोलते, 'म्म्हं' म्हणजे हो, 'म्म' म्हणजे नाही, आणि 'म्म्म्म' म्हणजे मी तुला आत्ता टाचणी टोचेन. मला वाढवलं तिनेच म्हटलं तरी चालेल. आई गल्ल्यावर, बाबा इस्त्रीवर, आणि मी आत्याच्या मशीनखाली, चिंध्यांच्या ढिगात. मशीनच्या त्या धडधडीत मी झोपायचे. तर या आत्याला काही वर्षांपूर्वी हृदयाचा एक हलका झटका आला होता. तेव्हापासून तिचे एक डॉक्टर ठरलेले. आम्ही त्यांना हृदयवाले म्हणतो. वयस्कर आहेत, आवाज असा की समोरच्याला बहिरेपणाचा आजार आहे असं गृहीत धरून बोलतात. 'काय! कशा आहात! गोळ्या घेताय ना!' आत्याची त्यांच्यावर भलती निष्ठा. त्यांचा सदरा बघून ती एकदा म्हणाली होती, 'कॉलर चांगल्या हाताची आहे.' आमच्याकडे यापेक्षा मोठी शाबासकी नाही.

मग गेल्या वर्षी तिच्या छातीत गाठ निघाली. तपासली, कॅन्सर. सगळं घर असं गप्प झालं, की खालून गिऱ्हाईक हाका मारून निघून गेलं तरी कुणी उठेना. पण रडून झालं, पुसून झालं, मग दुसऱ्या डॉक्टर आल्या. या गाठवाल्या. तरुण आहेत, आवाज इतका हळू की त्यांचं ऐकायला आपण आपोआप पुढे वाकतो. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, 'आधीचा काही आजार? बीपी? हृदयाचं काही?' आणि काका, अहो तुम्हाला सांगते, माझे काका, जे दुसऱ्याच्या कोटातली चूक पाव इंचाची असली तरी लांबून ओळखतात, ते छाती फुगवून म्हणाले, 'हृदय? सोन्यासारखं!'

मी बाहेर आल्यावर विचारलं, 'काका, सोन्यासारखं?' तर म्हणाले, 'मग काय सांगू? आधी दुसरीकडे जात होतो म्हणून? त्यांना काय वाटेल? आणि उद्या हृदयवाल्यांना कळलं की आपण न विचारता दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांना काय वाटेल?' काय वाटेल! बाईच्या छातीत गाठ आहे आणि यांना पडलंय डॉक्टरांना काय वाटेल! मी म्हटलं, 'अहो, ते दोघं एका माणसाचेच...' तर आत्याच मधे: 'एकाच्या हातचं दुसऱ्याला दाखवायचं नाही.' संपलं! पेशंटच असं म्हणतेय, मग वकीलबाईने कुणाची बाजू घ्यायची?

तेव्हा हृदयाचा एको का काय तो, सोनोग्राफीसारखा, काढला होता, आणि तो चांगलाही आला. येणारच! गोळ्या चालू होत्या ना! पण काकांना वाटलं, खरंच सोन्यासारखं. मग उपचार सुरू झाले. सलाइनमधून ते लाल रंगाचं औषध. केस गेले, तोंडाची चव गेली, पण गाठ बारीक व्हायला लागली. आम्ही खूश. घरात दोन पिशव्या झाल्या, आत्यानेच शिवलेल्या, पट्ट्यांची हृदयाची, चौकड्यांची गाठीची. पट्ट्यांची स्वयंपाकघरात टांगलेली, चौकड्यांची माडीवर. मधे जिना. म्हणजे चुकूनसुद्धा एकमेकींना दिसायला नकोत, जशा काही त्या दोन सवती!

मग एकदा हृदयवाल्यांकडे नेहमीची तपासणी होती. आत्या डोक्याला रुमाल बांधून गेली. मी सोबत. आत नुसता गडगडाट! 'वा! वजन उतरलंय! काय करताय!' आत्या म्हणते, 'जेवण जरा कमी केलंय.' 'उत्तम! आणि हे डोक्याला!' 'नवी पद्धत आहे.' 'छान दिसतंय! हेच चालू ठेवा!' चालू ठेवा! तुम्हाला सांगते, मी तिथल्या तिथे खुर्चीचा हात असा आवळून धरला होता. कॅन्सर चालू ठेवा म्हणाले हो ते! आणि आत्या कशी, मान डोलावून 'बरं' म्हणाली. बाहेर पडताना मला दम दिला, 'तोंड उघडलंस तर बघ.' आता तोंडात टाचण्या नव्हत्या, म्हणून नीट ऐकू आलं.

पण मला आधी काय कळलं, सांगू? मशीन. आमच्याकडे आत्याचं पायाने चालवायचं मशीन आहे. तिची टीप म्हणजे एका दमात, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मधे थांबणं नाही. आणि मला वर पुढच्या परीक्षेचा अभ्यास करताना ऐकू यायचं, मशीन मधेच थांबतंय. परत सुरू. परत थांबतंय. मी खाली डोकावले, 'काय झालं?' 'दोरा तुटला.' बरं. परत थांबलं. 'दोरा तुटला.' मी जाऊन चांगल्यापैकी नवीन रीळ आणलं. तरी आपलं 'दोरा तुटला'. मग मी तिच्या मागे जाऊन गुपचूप उभी राहिले. दोरा अगदी धडधाकट होता हो! आत्या मात्र मशीनवर दोन्ही हात टेकून, मान खाली घालून, श्वास घेत होती.

मग मी एक एक बघायला लागले. तिच्या चपला तिला होत नव्हत्या, ती बाबांच्या घालत होती. पायावर बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तो भरायला वेळ लावायचा, कणकेत बोट दाबल्यासारखा. रात्री ती भिंतीला टेकून बसून झोपायची. 'पाठ दुखते.' पाठ! मी काकांकडे गेले. ते खडूने रेघ मारत होते.

'काका, आत्याच्या हृदयाच्या गोळ्या कुठायत? पट्ट्यांच्या पिशवीत नाहीत.'

'बंद केल्यात.'

'कुणी सांगितलं?'

'कुणी कशाला सांगायला पाहिजे? इतकी औषधं चाललीत गाठीची. एका अंगाला दोन शिंपी लावलेस तर काय होईल? बाही एकीकडे, गळा दुसरीकडे. एक काम पुरं होऊ दे, मग दुसरं.'

आणि मी 'का' म्हणून विचारायचं नाही!

मी म्हटलं, 'तिला दम लागतोय. पाय सुजलेत. उद्या गाठवाल्यांना सांगायचं.' तर आईने माझा दंड धरून मला बाजूला नेलं. आई, जी सगळ्यांशी गोड बोलते, ती कुजबुजत म्हणाली, 'अगं वेडे, दम लागतो म्हटलं तर त्या औषध थांबवतील. मग गाठ? गाठ थांबेल का?' आणि तेव्हा मला कळलं, हे नुसतं मानपानाचं नाही. हे घाबरलेत. सगळे घाबरलेत. काका घाबरून नियम सांगतायत, आई घाबरून कुजबुजतेय, बाबा घाबरून एकाच पँटला तिसऱ्यांदा इस्त्री करतायत. आणि घाबरून आत्याला एका बाजूने वाचवायचं म्हणून दुसऱ्या बाजूने सोडून दिलंय. मला त्यांची दया आली. आली, पण राग त्याहून जास्त आला, खोटं कशाला बोलू!

दुसऱ्या दिवशी औषधाची पाळी होती. नेहमी काका आत जातात. त्या दिवशी नेमकं एक गिऱ्हाईक कोट घालून बघायला येणार होतं, आणि काका गिऱ्हाइकाला दिलेली वेळ मोडत नाहीत. म्हणून मी गेले. काकांनी दारात बजावलं, 'विचारतील तेवढंच बोल. जास्त शहाणपणा नको.' मी म्हटलं, 'विचारतील तेवढंच बोलते.' बघा, शब्द दिला आणि पाळला!

गाठवाल्यांची खोली लहान. एक टेबल, दोन खुर्च्या, खिडकीत सुकलेली कुंडी. त्यांनी हळू आवाजात विचारलं, आम्ही पुढे वाकलो. 'मळमळ?' 'थोडी.' 'ताप?' 'नाही.' 'दम लागतो का?' 'छे!' आत्या म्हणाली. आणि मी म्हटलं, 'हो.'

आई गं! टेबलाखालून आत्याने असा चिमटा काढला मांडीला! तिची बोटं म्हणजे साधी बोटं नव्हेत हो, जाड अस्तरातून सुई ओढून काढणारी बोटं ती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टर माझ्याकडे बघतात, आत्याकडे बघतात. 'हो की छे?' आत्या म्हणते, 'छे.' मी म्हणते, 'हो! पाय सुजलेत, बसून झोपते, हृदयाचा झटका येऊन गेलाय, गोळ्या होत्या, काकांनी बंद केल्यात, आणि तिचे हृदयाचे डॉक्टर वेगळे आहेत, त्यांना कॅन्सरचं माहीत नाही, त्यांना वाटतं ती बारीक होतेय ते चांगलं होतंय!' एका दमात! आत्याच्या टिपेसारखं, या टोकापासून त्या टोकापर्यंत!

आत्याने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता या डॉक्टर चौकड्यांची पिशवी दोन बोटांत धरणार, मेलेला उंदीर धरावा तशी, आणि म्हणणार, 'मग त्यांनाच दाखवा.' मीही शेवटी त्याच घरात वाढले ना!

तर बाईंनी पेन खाली ठेवलं. आत्याचे पाय बघितले, छाती तपासली, आणि विचारलं, 'हृदयाचे डॉक्टर कोण?' मी नाव सांगितलं. आणि तुम्हाला सांगते, बाईंनी खिशातून फोन काढला आणि लावला! नंबर होता हो त्यांच्याकडे! 'सर, तुमची एक पेशंट माझ्याकडे आहे...' एवढंच त्या बोलल्या आणि पलीकडून जो गडगडाट झाला, फोन स्पीकरवर नसूनही खोलीभर! 'काय! माझी पेशंट! कॅन्सर! कधीपासून! अहो मी तिला म्हणालो, चालू ठेवा!' आत्या खुर्चीत इतकी लहान झाली, इतकी लहान, मला वाटलं आता तिचं माप पहिलीच्या गणवेशाचं निघेल.

पण भांडण? अपमान? काही नाही! 'हो सर.' 'आज एको करू सर.' 'नाही सर, आजचा डोस नको.' नुसतं कामाचं बोलणं. आणि फोन ठेवून बाई म्हणाल्या, 'आम्ही दोघं दर आठवड्याला एकत्र बसतो. ज्यांना कॅन्सरही आहे आणि हृदयाचं दुखणंही आहे, अशांबद्दल बोलायला. असे खूप जण असतात. तुमचं आधी कळलं असतं तर पहिल्या दिवसापासून जपून दिलं असतं.' म्हणजे ज्या दोन शिंप्यांची गाठ पडू नये म्हणून आम्ही घरात दोन पिशव्यांची फाळणी केली होती, ते दोघं दर आठवड्याला एका टेबलावर बसून चहा पितात! हसू की रडू? तुम्हीच सांगा!

एको निघाला तो मात्र हसण्यासारखा नव्हता. हृदयाचा जोर कमी झाला होता. काही त्या लाल औषधाने, काही गोळ्या बंद केल्याने. गाठीचं औषध काही दिवस थांबवायचं ठरलं. हृदयाच्या गोळ्या परत सुरू, त्यात आणखी भर, अंगातलं पाणी काढायची गोळी, मीठ कमी, रोज सकाळी वजन, आणि वजन एकदम वाढलं तर लगेच फोन.

घरी आल्यावर काय झालं असेल, सांगायला हवं का? 'थांबवलं ना! थांबवलंच ना औषध! झालं समाधान?' हे काका. 'मी म्हटलं होतं,' ही आई. बाबांनी इस्त्री तशीच ठेवली आणि एका गणवेशाच्या पाठीवर तिकोनी डाग पडला. आणि आत्या माझ्याशी बोलायचीच बंद झाली. म्हणजे माझ्यासमोर बसून बाबांना सांगायची, 'तिला सांग, पाण्याची गोळी दे म्हणावं.' बाबा मला सांगायचे, 'पाण्याची गोळी दे.' मी बाबांना सांगायचे, 'तिला सांगा, घ्या.' तीन माणसं, हातभर अंतर, आणि मधे बाबा टपाल वाटतायत!

आणि मी? वरून माझं सगळं चालूच होतं. 'विज्ञान आहे, तुम्हाला काय कळतंय' वगैरे. पण आतून... तुम्हाला खरं सांगते, आतून मला एकच प्रश्न खायचा, गाठ वाढली तर? मी 'हो' म्हटलं म्हणून औषध थांबलं. एक शब्द. मी रोज सकाळी आत्याला वजनकाट्यावर उभी करायचे आणि आधी स्वतः डोळे मिटायचे. ती काट्यावरून उतरली की मी बाबांमार्फत विचारायचे, 'तिला विचारा, गाठ दुखते का?' आत्या बाबांना म्हणायची, 'तिला सांग, गाठ कधीच दुखत नव्हती, शहाणीला एवढंही माहीत नाही.'

मग एका सकाळी मी चहा घेऊन गेले तर आत्या पलंगावर बसून स्वतःच्या घोट्याला टेप लावत होती. माप घेत होती! टेप घट्ट धरून, चष्मा नाकावर. मला बघून टेप लपवली नाही. म्हणाली, थेट मला, बाबा नव्हतेच तिथे, 'पाऊण बोट कमी आहे.' मी म्हटलं, 'काय?' 'घोटा. गेल्या आठवड्यापेक्षा पाऊण बोट कमी. दुसऱ्या पायाचा अर्धं बोट. हा पाय आळशी आहे.' तुम्हाला सांगते, मी तो चहा तिथेच ठेवला आणि तिच्या त्या आळशी पायाला मिठी मारली. तिने डोक्यात टपली मारली. 'उठ, सांडेल चहा.'

दोन्ही डॉक्टर भेटले ते एकाच खोलीत, एकाच वेळी. हृदयवाले गरजतायत, गाठवाल्या कुजबुजतायत, आम्ही एकदा मागे सरकतोय, एकदा पुढे वाकतोय. नवीन एको चांगला होता. पहिल्यासारखा नाही, पण हृदयाने जोर धरला होता. गाठही होती तेवढीच होती, वाढली नव्हती. त्यांनी औषध बदललं, हृदयाला कमी जाच देणारं घेतलं, आणि म्हणाले, आता परत सुरू करू, दर थोड्या दिवसांनी हृदय बघत बघत. हृदयाच्या गोळ्या मात्र चालूच. आत्याने विचारलं, 'म्हणजे दोन्ही एकदम?' 'दोन्ही एकदम!' हृदयवाले ओरडले. 'आणि काही त्रास झाला तर दोघांना सांगायचं! लपवायचं नाही! आणि हे डोक्याचं, मला खरंच पद्धत वाटली हो!' गाठवाल्या पहिल्यांदाच मोठ्याने हसल्या. आत्या लाजली. निघताना मला म्हणते, 'बाईंच्या डगल्याची बाही लांब आहे. मी करून देईन म्हणावं.' दुसऱ्याने शिवलेला डगला होता हो तो! दुसऱ्याने! मी काही बोलले नाही. शहाण्याला शब्दाचा मार, पण आत्याला टाचण्यांचा, आणि त्या तिच्याच हातात असतात.

औषध परत सुरू झालं. एक पाळी झाली, दुसरी झाली. आत्या सकाळी बोळात चालायला लागली, आधी खांबापर्यंत, मग कोपऱ्यापर्यंत. झोपते आडवी. परवा तर एका मुलीच्या फ्रॉकचा घेर शिवला, सबंध, न थांबता. मी वर बसून ऐकत होते आणि त्या दिवशी माझ्याने एक पान वाचून झालं नाही.

म्हणजे गोष्ट इथे संपायला हवी ना? सगळे सुधारले, नियम मोडला, टाळ्या. तुम्हाला वाटतं असं? तुम्ही आमच्या घरच्यांना ओळखत नाही!

काल जेवण झालं, आत्या वर आडवी झाली आणि काकांनी मला समोर बसवलं. एका बाजूला आई, एका बाजूला बाबा. न्यायालयच! आईने पदराआडून एक कागदाची पुडी काढली आणि टेबलावर ठेवली. करड्या रंगाची पूड. आईच्या एका गिऱ्हाइकाच्या ओळखीचा कोणी माणूस देतो. अंगात ताकद येते, रक्त शुद्ध होतं, भूक लागते, गुडघे दुखायचे थांबतात, झोपही येते. एक पूड आणि सगळ्या आजारांना पुरून उरली! 'गेला आठवडा देतोय आत्याला,' काका म्हणाले. 'बघतेस ना, किती तरतरी आली?' मी म्हटलं, 'तरतरी गोळ्यांनी आलीय, काका!' 'दोन्हींनी आली असेल. पण उद्या तिथे गेल्यावर याचं मात्र बोलायचं नाही. त्या माणसाने बजावून सांगितलंय. आणि आपलीही रीत तीच आहे. एकाच्या हातचं दुसऱ्याला दाखवायचं नाही.'

मी म्हटलं, 'यात काय आहे?'

'पाला आहे. पाल्याने काय होतंय?'

'कसला पाला?'

'तू का म्हणून विचारतेस?'

'आत्याच्या हृदयाच्या गोळ्यांबरोबर चालतं का? गाठीच्या औषधाबरोबर? विचारलंत कुणाला?'

'विचारलं की अपमान होतो!'

'कुणाचा अपमान? पुडीचा?'

बाबा म्हणाले, 'अगं, हळू. ती झोपलीय.' आई म्हणाली, 'बाळा, आता सगळं सुरळीत चाललंय, कशाला उगाच? परत थांबवतील बघ.' काका म्हणाले, 'हे बघ वकीलबाई, मागच्या वेळी तुझं खरं निघालं. निघालं, मी नाही म्हणत नाही. पण या घरात अजून मोठी माणसं आहेत. मी सांगतो म्हणून तू नाही सांगायचं.'

आणि तुम्हाला सांगते, मी ओरडायला तोंड उघडलं होतं. पण वर आत्या झोपली होती, आडवी, एका उशीवर. म्हणून मी गाठवाल्या बाईंसारखी बोलले. इतकी हळू, की तिघं आपोआप पुढे वाकले. मी म्हटलं, 'नाही. मी ऐकणार नाही. ही पुडी मी उद्या बरोबर नेणार, आणि दोघा डॉक्टरांच्या समोर टेबलावर ठेवणार. आजपासून आत्याच्या पोटात या दोघांना माहीत नसलेलं काही जाणार नाही. तिचा जीव कुणाच्या मानापेक्षा स्वस्त नाही. तुम्ही मला घराबाहेर काढा, बोलणं टाका, काय वाटेल ते करा. मी सांगणार.' आणि पुडी उचलून पिशवीत टाकली.

मी वाट बघत होते. आता काका कडाडणार, आई डोळ्यांना पदर लावणार, बाबा मधे पडणार. काही नाही! अळीमिळी गुपचिळी! मला वाटलं, जिंकले. पहिल्यांदा या घरात मी जिंकले. आणि मग जरा नीट बघितलं. काका खाली बघत हळूच गुडघा चोळत होते. आईची नजर फडताळावर, फडताळाचं दार अर्धवट उघडं, आत तसल्याच पुड्यांची चळत. आणि बाबा, माझे गरीब बाबा, ओठांच्या कोपऱ्याला लागलेली करडी पूड बाहीने पुसत होते.

बाबांना साखर आहे. काकांना बीपी. आईची थायरॉइडची गोळी चालू आहे. तिघांचे तीन वेगळे डॉक्टर!

मी उद्या आत्याला घेऊन निघतेय... आणि मग, काय करणार, परवापासून बाकीच्यांच्या डॉक्टरांकडे वेळ मागायला सुरुवात करते.